टुचकी शिंपीण आणि चौकात थांबलेला बंब

बसा, बसा. असे जवळ सरकून बसा. पाय आत घ्या, वाट अडवू नका. गोष्ट यायचीय.

एक होतं लिंबोणीचं झुडूप. झुडपात होतं एक घरटं. पानाला पान शिवून केलेलं घरटं. खरंच शिवलेलं! सुई कशाची? चोचीची. दोरा कशाचा? कापसाचा. कापूस कुठला? गादीवाल्याच्या दुकानातला. विचारून आणला? छे! चिमूटभर कापसासाठी कोण विचारत बसतं?

शिवणारी होती टुचकी. टुचकी शिंपीण. एवढंसं पाखरू. अंग अंगठ्याएवढं. आवाज मात्र अख्ख्या बाजाराएवढा.

टुईट! टुईट! टुईट!

घरट्यात होती अंडी. एक, दोन, तीन. गुळगुळीत. ऊन ऊन.

झुडपाशेजारी होती कडब्याची गंजी. कडबा म्हणजे म्हशीचा सुका खाऊ. त्याचा हा मोठा ढीग. एके दिवशी कुणीतरी बिडी फेकली. कुणी फेकली? आता कोण कबूल करतंय! बिडी पडली गंजीत. गंजीतून आला धूर. भस्स! एक ठिणगी उडाली. घरट्यावर पडली. कापसाचा एक पुंजका जळाला. फुस्स!

"माझा कापूस!" टुचकी ओरडली.

मग तिनं खाली पाहिलं. जाळ सरकत होता. हळू हळू सरकत होता. लिंबोणीकडेच सरकत होता. कापूस गेला तर गेला. पण अंडी?

टुचकी उडाली. भुर्रर्र! भुर्रर्र! थेट बंबाच्या घरी.

बंब होता लाल. बंबाच्या पोटात पाणी. बंबाच्या डोक्यावर घंटा. बंब चालवायचे हैबतीकाका. मिशा मोठ्या, बोलणं थोडं.

"हैबतीकाका, हैबतीकाका, बंब काढा! गंजी पेटली! माझी अंडी!"

"काढला," काका म्हणाले. टोपी घातली. किल्ली फिरवली.

ठण ठण ठण ठण! ठण ठण ठण ठण!

टुचकी पुढे, बंब मागे. टुचकी पुढे, बंब मागे. गेले, गेले, गेले. आणि आला चौक. चार रस्त्यांचा चौक. त्यात बाजाराचा दिवस. चौकात ही गर्दी!

बंब थांबला. खच्च!

"का थांबलात?" टुचकी म्हणाली.

"चौक भरलाय, पोरी. टेम्पो आडवा उभा आहे. टेम्पो हलू दे. मग मी येतो."

"घंटा जोरात वाजवा!"

"घंटा नुसता रस्ता मागते. द्यायचा लोकांनी."

"मग बाजूनं घाला!"

"बाजूनं शाळेची पोरं चाललीत. नाही घालायचा."

"मग ढकला त्या टेम्पोला!"

"ढकलला तर तो कुणाच्या अंगावर जाईल?"

टुचकीला आला राग. केवढा? तिळाएवढा. शेपटी ताठ! पिसं फुगली! टुईट! टुईट! टुईट!

आणि टुचकी गेली टेम्पोकडे. भुर्रर्र!

टेम्पोत होत्या गुळाच्या ढेपा. ढेपांवर माश्या. पुढे बसले होते बसूअण्णा. पान चघळत होते.

"बसूअण्णा, बसूअण्णा, टेम्पो हलवा!
टेम्पो हलेना म्हणून बंब येईना.
बंब येईना म्हणून आग विझेना.
आग विझेना. माझ्या अंड्यांचं काय?"

बसूअण्णांनी पान या गालातून त्या गालात नेलं.

"अगं बाई, हलवायला मला काय होतंय? पण पुढं बघ की. रिक्षा उभी आहे. रिक्षा हलली तर मी हलतो. का उडी मारू गुळासकट?"

टुचकीला आला राग. केवढा? मुगाएवढा. शेपटी ताठ! पिसं फुगली! टुईट! टुईट! टुईट!

आणि टुचकी गेली रिक्षाकडे. भुर्रर्र!

रिक्षात होते दस्तगीरचाचा. पों पों करत होते. पों पों, पों पों. रिक्षा तिथल्या तिथं, नुसतं पों पों.

"दस्तगीरचाचा, दस्तगीरचाचा, रिक्षा हलवा!
रिक्षा हलेना म्हणून टेम्पो हलेना.
टेम्पो हलेना म्हणून बंब येईना.
बंब येईना म्हणून आग विझेना.
आग विझेना. माझ्या अंड्यांचं काय?"

"माझ्यावर कशाला डाफरतेस?" चाचा म्हणाले. "मी काय हौसेनं उभा आहे? पुढं केळ्यांचा गाडा आहे. गाडा हलला तर मी हलतो. पों पों!"

"पों पों करून गाडा हलला का?"

"नाही."

"मग कशाला करता?"

"दुसरं काय करू?" चाचा म्हणाले. पों पों!

टुचकीला आला राग. केवढा? हरभऱ्याएवढा. शेपटी ताठ! पिसं फुगली! टुईट! टुईट! टुईट!

आणि टुचकी गेली गाड्याकडे. भुर्रर्र!

गाड्यावर होते केळ्यांचे घड. पिवळे पिवळे. गाड्यामागे होती फुलामावशी. तिचा एक डोळा केळ्यांवर, एक डोळा गिऱ्हाइकावर.

"केळी हवीत का गं?"

"नकोत!"

"मग बोल लवकर."

"फुलामावशी, फुलामावशी, गाडा हलव!
गाडा हलेना म्हणून रिक्षा हलेना.
रिक्षा हलेना म्हणून टेम्पो हलेना.
टेम्पो हलेना म्हणून बंब येईना.
बंब येईना म्हणून आग विझेना.
आग विझेना. माझ्या अंड्यांचं काय?"

"अगं, माझा गाडा अडलाय त्या हातापायी," मावशी म्हणाली. "तो बघ, पोलीसमामांचा हात. वर आहे ना? हात उतरला तर गाडा हलेल. हात वर असताना गाडा ढकलला, तर मामा अशी शिट्टी फुंकतात, अशी शिट्टी फुंकतात! दोन दिवस कान वाजतो."

टुचकीला आला राग. केवढा? सुपारीएवढा. शेपटी ताठ! पिसं फुगली! टुईट! टुईट! टुईट!

आणि टुचकी गेली पोलीसमामांकडे. भुर्रर्र! मामांच्या वर केलेल्या हातावरच बसली.

मामांचा हात वर. मामांचा घाम खाली. टप टप, टप टप.

"पोलीसमामा, पोलीसमामा, हात उतरवा!
हात उतरेना म्हणून गाडा हलेना.
गाडा हलेना म्हणून रिक्षा हलेना.
रिक्षा हलेना म्हणून टेम्पो हलेना.
टेम्पो हलेना म्हणून बंब येईना.
बंब येईना म्हणून आग विझेना.
आग विझेना. माझ्या अंड्यांचं काय?"

"हात दुखून आलाय माझा," मामा म्हणाले. "पण उतरवू कसा? हात उतरला की सगळे सुटतील. सगळे सुटतील आणि मधोमध बसलीय म्हैस. मग? धडाम! आधी म्हैस उठू दे. म्हैस उठली तर हात उतरेल."

"मग हाकला तिला!"

"हाकललं."

"मग?"

"तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि परत डोळे मिटले."

टुचकीला आला राग. केवढा? आवळ्याएवढा. शेपटी ताठ! पिसं फुगली! टुईट! टुईट! टुईट!

तिकडे आकाशात धूर चढला. काळा धूर. टुचकीनं तो पाहिला.

आणि टुचकी गेली म्हशीकडे. भुर्रर्र! थेट शिंगावर.

म्हैस काळी. म्हैस मोठी. चौकाच्या मधोमध, घरच्या गोठ्यात बसावी तशी बसलेली. रवंथ करत होती. कच कच, कच कच.

"म्हैसताई, म्हैसताई, ऊठ!
म्हैस उठेना म्हणून हात उतरेना.
हात उतरेना म्हणून गाडा हलेना.
गाडा हलेना म्हणून रिक्षा हलेना.
रिक्षा हलेना म्हणून टेम्पो हलेना.
टेम्पो हलेना म्हणून बंब येईना.
बंब येईना म्हणून आग विझेना.
आग विझेना. माझ्या अंड्यांचं काय?"

कच कच. कच कच. म्हशीनं आधी घास संपवला. घाई तिला कधीच नसते.

"माझं रेडकू बसलंय ना," म्हैस म्हणाली. "रेडकू उठलं तर मी उठेन. लेकराला टाकून कोण जातं? तू गेली असतीस?"

"गेलेच आहे की!" टुचकी किंचाळली. "तीन-तीन टाकून आलेय! म्हणून तर ओरडतेय ना!"

टुचकीला आला राग. केवढा? पेरूएवढा. शेपटी ताठ! पिसं फुगली! टुईट! टुईट! टुईट!

आणि टुचकी गेली रेडकाकडे. लांब नव्हतं. एक उडी. टुण!

रेडकू बसलं होतं आईला टेकून. पाय पसरून. नाक वर करून.

"रेडकुल्या, रेडकुल्या, ऊठ!
रेडकू उठेना म्हणून म्हैस उठेना.
म्हैस उठेना म्हणून हात उतरेना.
हात उतरेना म्हणून गाडा हलेना.
गाडा हलेना म्हणून रिक्षा हलेना.
रिक्षा हलेना म्हणून टेम्पो हलेना.
टेम्पो हलेना म्हणून बंब येईना.
बंब येईना म्हणून आग विझेना.
आग विझेना. माझ्या अंड्यांचं काय?"

"नाही जा!" रेडकू म्हणालं. "ऊं ऊं! माझा कान दुखतो. कानात गोचीड बसलीय. ती चावते. ती सुटली तर मी उठेन. नाहीतर इथंच बसेन. उद्यापण बसेन!"

टुचकीला आला राग. केवढा? नारळाएवढा. आता एवढ्याशा पाखरात नारळाएवढा राग मावतो का? मावला! शेपटी ताठ! पिसं फुगली! टुईट! टुईट! टुईट!

आणि टुचकीनं रेडकाच्या कानात डोकं घातलं.

कानात होती गोचीड. गोल गोल गोचीड. रेडकाचं रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड.

"गोचीडबाई, गोचीडबाई, सूट!
गोचीड सुटेना म्हणून रेडकू उठेना.
रेडकू उठेना म्हणून म्हैस उठेना.
म्हैस उठेना म्हणून हात उतरेना.
हात उतरेना म्हणून गाडा हलेना.
गाडा हलेना म्हणून रिक्षा हलेना.
रिक्षा हलेना म्हणून टेम्पो हलेना.
टेम्पो हलेना म्हणून बंब येईना.
बंब येईना म्हणून आग विझेना.
आग विझेना. माझ्या अंड्यांचं काय?"

गोचीड हसली. खी खी खी!

"मी जेवतेय," गोचीड म्हणाली. "जेवत्या माणसाला कुणी उठवतं का? अंडी तुझी, कान रेडकाचा, पोट माझं. पुढचं घर बघ!"

टुचकीला आला राग. केवढा? कलिंगडाएवढा! शेपटी ताठ! पिसं फुगली!

पण पुढचं घर कुठलं? पुढं कुणीच नव्हतं. इथं होती गोचीड. आणि इथं होती टुचकीची चोच.

"मी विचारलं," टुचकी म्हणाली. "सगळ्यांना विचारलं. गोड बोलून विचारलं, ओरडून विचारलं. आता विचारणार नाही!"

टुच्च!

एकदाच टोचलं. धरलं, ओढलं. आणि गोचीड बाहेर!

टुचकीनं तिला खाल्लं का? छे! थू करून गटारात टाकलं. एवढ्या रागात कोण जेवतं?

आणि मग काय झालं?

गोचीड सुटली म्हणून रेडकू उठलं. धडपड धडपड!
रेडकू उठलं म्हणून म्हैस उठली. हुश्श, हुप्प!
म्हैस उठली म्हणून हात उतरला. फुर्रर्र शिट्टी!
हात उतरला म्हणून गाडा हलला. खडखड खडखड!
गाडा हलला म्हणून रिक्षा हलली. पों पों, फट फट!
रिक्षा हलली म्हणून टेम्पो हलला. घर्रर्र घर्रर्र!
टेम्पो हलला म्हणून बंब...

बंब काय? आला का बंब?

निघाला. चौकाच्या तोंडापर्यंत आला.

आणि थांबला. खच्च!

चौक रिकामा. म्हैस गेली. गाडा गेला, रिक्षा गेली, टेम्पो कडेला लागला. पोलीसमामांनी दोन्ही हात पसरले, बाकीचे रस्ते अडवले. चौकात एक केळ्याचं सालसुद्धा नाही. आणि बंब उभा!

टुचकीचा राग आता कलिंगडातही मावेना. लाल भोपळ्याएवढा झाला! ती बंबाच्या आरशावर जाऊन आदळली.

"आता काय झालं? आता कोण हलायचंय? मुंगी? डास? सांगा कोण ते, त्यालाही जाऊन विचारते!"

हैबतीकाकांनी मान वळवली. उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. परत उजवीकडे बघितलं.

"मोकळा आहे!" टुचकी ओरडली. "डोळे आहेत ना तुम्हाला? मोकळा आहे चौक! तिकडे माझी अंडी भाजतायत आणि तुम्ही इथं माना वळवताय! चला! चला! चला!"

बघणाऱ्यांनाही चीड आली. टेम्पोतून बसूअण्णा ओरडले, "अहो काका, आमाला हलवलं आणि स्वतः उभे?"

फुलामावशी ओरडली, "पाखराला रडवता होय?"

"रडत नाहीये मी!" टुचकी म्हणाली. "रागावलेय!"

आणि काकांनी काय करावं? त्यांनी घंटाच बंद केली.

ठण ठण ठण... ठप्प.

"घंटा पण बंद?" टुचकी ओरडली. "घंटा पण...!"

"शू," काका म्हणाले. "ऐक."

बाजार गप्प झाला. दस्तगीरचाचांचा हात पों पों वरून उठला. म्हशीनं रवंथ थांबवलं.

आणि ऐकू आलं. लांबून. उजवीकडून.

ठण ठण ठण ठण.

काकांची घंटा तर बंद. मग ही कुणाची?

ठण ठण ठण ठण! जवळ आली. ठण ठण ठण ठण! आणखी जवळ आली. पोलीसमामांनी शिट्टी फुंकली. फुर्रर्र! पण शिट्टी ऐकतंय कोण?

सूंsssss!

उजवीकडच्या रस्त्यावरून आला दुसरा बंब! साखर कारखान्याचा बंब. तोही लाल. तोही त्याच आगीकडे निघालेला. थांबला नाही. बघितलं नाही. चौकातून आरपार गेला. टुचकीच्या शेपटीला वारा लागला, एवढा जवळून गेला!

पुढच्या वळणावर त्याला थांबता येईना. कर्रर्रकच्च! चाक गेलं गटारात. बंब कलला आणि बसला.

टुचकी गप्प. सकाळपासून पहिल्यांदा गप्प. तिनं बघितलं. चौकाच्या मधोमध बघितलं. हैबतीकाकांचा बंब तिथं असता तर? लाल बंबावर लाल बंब! पाणी रस्त्यावर. घंटा गटारात. मग गंजी कोण विझवणार? मग अंडी...

टुचकीचा राग कमी झाला का? मुळीच नाही! रागानं फक्त तोंड वळवलं. ती गेली गटाराकडे. भुर्रर्र!

त्या बंबातून पिराजीदादा उतरला होता. डोकं चोळत होता.

"ए दादा! गंजी विझवायला निघालास का चौक फोडायला? मामांचा हात दिसला नाही? डोळे काय खिशात ठेवतोस?"

"अगं, घंटा वाजवत होतो की मी!"

"घंटा नुसता रस्ता मागते! दिला होता का कुणी? सांग, दिला होता का?"

पिराजीदादा खाली बघू लागला. मग हैबतीकाकांकडे बघू लागला.

"काका, तुमची घंटा मला ऐकूच आली नाही."

"कशी येईल?" काका म्हणाले. "तुझ्या डोक्यावर तुझी वाजतेय. माझ्या डोक्यावर माझी. म्हणून चौक आला की मी माझी गप्प करतो. घटकाभर. दुसरा कुणी येतोय का ते ऐकतो. मग जातो."

टुचकी परत येऊन आरशावर बसली. शेपटी अजून ताठच.

"मला आधी नाही सांगायचं?" ती म्हणाली.

"तू बोलू दिलंस का?"

टुचकीनं शेपटी खाली घेतली.

काकांनी उजवीकडे बघितलं. टुचकीनंही बघितलं. काकांनी डावीकडे बघितलं. टुचकीनंही बघितलं. परत उजवीकडे. दोघांनी बघितलं. मामांनी मान हलवली. मोकळा!

ठण ठण ठण ठण!

बंब चौकातून गेला. आधी हळू. चौक संपला आणि मग? मग सुसाट! टुचकी पुढे, बंब मागे. टुचकी पुढे, बंब मागे.

जाळ आला होता लिंबोणीच्या बुडाशी. खालची पानं करपली होती. एक फांदी चरचरत होती. चर्रर्र! आणि घरटं होतं तिच्या वरच्या फांदीवर.

"मारा पाणी!" टुचकी ओरडली. "आधी माझ्या झुडपाच्या बुडाशी! मग गंजीवर! घरट्यावर मारू नका हं, अंडी वाहून जातील!"

"कळतं मला," काका म्हणाले.

त्यांनी नळी धरली. सूंsssss! पाणी आलं. सूंsssss! झुडपाच्या बुडाशी मारलं, गंजीवर मारलं, गंजीच्या पोटात मारलं.

बंब आला म्हणून आग विझली. भुस्स!

आग विझली. आणि अंडी?

टुचकी घरट्याच्या काठावर बसली. पानाची कड तपकिरी झाली होती. शिवण एका जागी उसवली होती. तिनं आत डोकं घातलं.

एक, दोन, तीन. गुळगुळीत. ऊन ऊन.

टुचकी अंड्यांवर बसली. पंख पसरून बसली. डोळे मिटून बसली.

तेवढ्यात खालून बसूअण्णांचा आवाज आला. सगळेच आले होते बघायला. बाजार सोडून आले होते.

"वाचली का गं अंडी?"

"वाचली!" टुचकी म्हणाली. "पण तुमच्यामुळं नाही! एकेकाला हजारदा विचारलं. 'तो हलला तर मी हलतो, ती हलली तर मी हलतो!' घंटा ऐकली की कडेला व्हायचं असतं. आधीच व्हायचं असतं. पाखरानं येऊन टोचेपर्यंत थांबायचं नसतं!"

बसूअण्णांनी पान थुंकलं. दस्तगीरचाचांनी मान खाली घातली. फुलामावशी म्हणाली, "खरं आहे गं बाई." आणि म्हशीनं पहिल्यांदाच, घास तोंडात असताना उत्तर दिलं.

"पुढच्या वेळी मी चौकात बसणार नाही," म्हैस म्हणाली.

"कुठं बसशील?"

"कडेला."

"बस!" टुचकी म्हणाली. "आणि रेडकालाही बसव!"

सगळे गेले. बंब गेला. जाता जाता पिराजीदादाचा बंब गटारातून ओढायचा होता. पोलीसमामा म्हणाले, मी ढकलतो. दस्तगीरचाचा म्हणाले, मीपण. यावेळी कुणी कुणासाठी थांबलं नाही.

मग किती दिवस गेले? थोडे गेले. टुचकीनं उसवलेली शिवण शिवली. नव्या कापसानं शिवली. तो कुठून आणला ते विचारू नका.

आणि एका सकाळी अंड्याला गेला तडा. टिक! दुसऱ्याला गेला. टिक! तिसऱ्याला गेला. टिक!

आतून निघालं एक पिल्लू. ना पीस, ना शेपटी. नुसतं तोंड! एवढं मोठं तोंड! उघडलं आणि ओरडलं.

चीं! चीं! चीं!

दुसरं निघालं. चीं! चीं! चीं!

तिसरं निघालं. ते तर सगळ्यात रागीट. अंग तांबडं, मान ताठ, आणि तोंड आ वासलेलं. खाऊ कुठाय? इतका वेळ का? चीं! चीं! चीं! चीं!

"आले रे, आले!" टुचकी म्हणाली. "अळी आणायला उडायला तर द्या!"

चीं! चीं! चीं! चीं!

"कुणावर गेलीत ही एवढी रागीट?" टुचकी म्हणाली, आणि उडाली. भुर्रर्र!

गोष्ट इथं वळली. वळून कुठं गेली? ज्या घरात बाळ आहे, त्या घरात गेली.